बॅरलवरची रबरी कडी आणि दहाचे वर्तुळ

या वेळच्या टपालात नेमबाजीविषयी तीन पत्रे आली आहेत आणि तिन्हींचा रोख एकाच वस्तूकडे आहे: रायफलच्या बॅरलवर चढवायचे, कंपने शमवणारे साधन, अर्थात डॅम्पनर. पहिल्या पत्राचे उत्तर सविस्तर दिले आहे. उरलेल्या दोन पत्रांच्या उत्तरांत त्याचा आधार घेतला आहे.

प्रश्न: स. न. वि. वि. माझी मुलगी पॉइंट टू टू (0.22 इंची) रायफलवर 50 मीटर थ्री पोझिशनचा, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने झाडण्याचा, सराव करते. तिच्याबरोबर सराव करणाऱ्या एका मुलाच्या वडिलांनी बॅरलवर बसवायची जाड रबरी कडी ऑनलाइन मागवली. कडी लावण्याआधी पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पसारा, 19 मिलिमीटरचा होता आणि लावल्यानंतर तो 12 मिलिमीटरवर आला, असे त्यांनी दोन्ही कागद समोर ठेवून दाखवले. प्रशिक्षकांचे म्हणणे असे, की त्यात काही तथ्य नाही, त्या पैशाच्या गोळ्या घ्या. मुलगी मात्र हट्टाला पेटली आहे. कंपने कमी झाली की नेम सुधारणार, हे मलाही पटण्यासारखे वाटते. मग प्रशिक्षकांचे चुकते आहे का?
एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: प्रशिक्षकांचे चुकत नाही. फक्त असे का, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितले असते तर घरातला वाद वाढला नसता.

गोळी झाडल्यावर बॅरल थरथरते, यात शंका नाही. फायरिंग पिनचा आघात, दारूच्या वायूचा दाब आणि मागे बसणारा धक्का यांमुळे ती वर-खाली वाकते आणि गोळी ज्या क्षणी बाहेर पडते त्या क्षणी मझलचे, म्हणजे बॅरलच्या पुढच्या टोकाचे, तोंड जिकडे असेल तिकडे ती जाते. येथपर्यंत जाहिरात खरे बोलते. प्रश्न आहे तो वेळेचा. पॉइंट टू टूची गोळी 66 सेंटिमीटरच्या बॅरलमधून सुमारे अडीच ते तीन मिलिसेकंदांत बाहेर पडते. तेवढ्याच लांबीची आणि 22 मिलिमीटर जाडीची पोलादी बॅरल एका टोकाला घट्ट धरली, तर तिची सर्वांत संथ आंदोलने सेकंदाला 36च्या आसपास होतात. म्हणजे एका पूर्ण आंदोलनाला सुमारे 28 मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ असा, की बॅरलचे पहिले मोठे आंदोलन जेमतेम दहाव्या भागापर्यंत आलेले असते, तोवर गोळी निघून गेलेली असते. त्याहून जलद आंदोलनेही असतात, सेकंदाला सव्वादोनशे किंवा सहाशेच्या घरातली. परंतु तीही गोळी आत असेपर्यंत एक-दोनदाच होऊ शकतात.

आता रबर काय करते ते पाहू. रबर प्रत्येक आंदोलनातली थोडीथोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने शोषून घेते आणि त्यामुळे थरथर लवकर विरते. हे काम अनेक आंदोलनांच्या ओघात होते. देवळातल्या घंटेला टोल पडल्यावर हात लावला तर तिचे घुमणे थांबते, पण टोल पडून गेलेला असतो. रबरी कडीचेही तेच आहे. गोळी गेल्यानंतरची बॅरल कितीही शांत झाली तरी लक्ष्यावरच्या छिद्राला त्याचे काही सोयरसुतक नाही, आणि पुढची गोळी झाडेपर्यंत तर बॅरल कडीविनाही केव्हाच स्थिर झालेली असते.

ही कडी प्रसिद्ध झाली ती लिंबसेव्हर नावाने, आणि तिचे घराणे तिरंदाजीचे आहे. बाण सुटल्यावर धनुष्याच्या भुजा झिणझिणतात, त्याचा त्रास हाताला होतो आणि आवाजही येतो. तेथे रबराने खरोखर आराम पडतो. रायफललाही कडी लावल्यावर झाडण्याचा नाद किंचित बोथट होतो, हाताला वेगळे वाटते, आणि वेगळे वाटले की नेम सुधारला असे मन ठरवून टाकते. कडीला थोडेसे वजनही असते. त्यामुळे गोळ्या पडण्याची जागा एखाद-दुसऱ्या मिलिमीटरने सरकू शकते आणि ते सरकणे पाहून कडीचा परिणाम सिद्ध झाला असे समजले जाते. परिणाम होतो हे त्यातून दिसते, सुधारणा होते हे दिसत नाही.

राहिला तो 19 आणि 12 मिलिमीटरचा पुरावा. त्या गृहस्थांनी खोटे काही दाखवलेले नाही. पाच गोळ्यांच्या ग्रुपचा स्वभावच तसा आहे. एकच रायफल, गोळ्यांचा एकच लॉट (एका वेळी बनवलेला साठा), एकच हात, आणि ग्रुपची सरासरी 15 मिलिमीटर आहे असे धरले, तर काहीही न बदलता दहापैकी नऊ ग्रुप साधारण 9 ते 22 मिलिमीटरच्या दरम्यान कोठेही पडतील. म्हणजे 19 नंतर 12 येणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि कडी काढून पुन्हा झाडले असते तर कदाचित 11ही आला असता. ग्रुप खरोखर एक चतुर्थांशाने लहान झाला आहे हे निश्चित म्हणायचे असेल तर कडीसह आणि कडीविना निदान नऊ-नऊ, दहा-दहा ग्रुप लागतील. दहा टक्क्यांची सुधारणा पारखायची असेल तर दोन्ही बाजूंनी पन्नासाहून अधिक ग्रुप, म्हणजे पाचशेच्या वर गोळ्या. एवढ्या परदेशी मॅच गोळ्या कडीच्या परीक्षेत घालवण्यापेक्षा सरावात घालवाव्यात, असे प्रशिक्षकांना वाटले असेल तर त्यात नवल काय?

आपल्या कन्येच्या प्रकारासाठी आणखी एक हिशेब महत्त्वाचा आहे. 50 मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते आणि गोळी 5.6 मिलिमीटरची. छिद्राची कड वर्तुळाला शिवली तरी दहा गुण मिळतात, म्हणून गोळीचा मध्य केंद्रापासून 8 मिलिमीटरच्या आत असला की काम झाले. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत पूर्णांकांतच गुण मोजतात, दशांश फक्त अंतिम फेरीत येतात. याच जिल्ह्यातल्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पात्रता फेरीत 600पैकी 590 गुण मिळवले आणि अंतिम फेरीत 451.4 गुणांसह कांस्यपदक जिंकले. साठ गोळ्यांत दहा गुण गेले. उभ्याने झाडताना जाणारा गुण हा बहुधा हाताच्या, श्वासाच्या आणि ट्रिगरच्या वेळेचा असतो. बॅरलच्या थरथरीने गोळीत पडलेला मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक त्यात शोधूनही सापडणार नाही.

मग पैसे कोठे घालावेत? सर्वप्रथम गोळ्यांच्या लॉटवर. पॉइंट टू टूची एकाच नावाची, एकाच किमतीची गोळी वेगवेगळ्या लॉटमध्ये एकाच बॅरलमधून वेगळी वागते. हा फरक कागदावर मोजता येतो आणि पुन्हापुन्हा तसाच मिळतो. म्हणून तर अव्वल नेमबाज इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला इली किंवा जर्मनीतल्या शोनेबेकला लापुआ या गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांकडे रायफल घेऊन जातात. तेथे रायफल स्टॉकमधून (दस्त्यातून) काढून शिकंजात आवळतात, एकामागून एक लॉट झाडून पाहतात आणि जो जमेल त्याच लॉटच्या पेट्या बांधून घेतात. आपल्याला तेवढ्या दूर जाण्याची गरज नाही. उपलब्ध असलेल्या तीन-चार लॉटचे प्रत्येकी एक खोके घेऊन, प्रोन (पालथे पडून झाडण्याच्या) स्थितीत किंवा टेकू देऊन, एकाच सकाळी आळीपाळीने झाडून पाहावे आणि जो लॉट स्पष्टपणे वाईट असेल तो बाद करावा. सर्वांत चांगला निवडण्यापेक्षा वाईट गाळणे सोपे असते आणि त्याला गोळ्याही कमी लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ॲक्शन (गोळी झाडणारी यंत्रणा) स्टॉकला जखडणारे स्क्रू. ते उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कने, टॉर्क रेंचने आवळलेले असावेत. कोल्हापूरच्या पावसाळ्यात लाकडी स्टॉक दमट हवेने फुगतो, दिवाळीनंतर आकसतो आणि स्क्रूचा ताण कोणी हात न लावता बदलतो. अचानक ग्रुप पसरला म्हणून नवे साधन मागवणाऱ्यांपैकी कित्येकांची व्यथा एका किल्लीने दूर झाली असती.

एका बाबतीत मात्र आपल्या कन्येचा हट्ट अगदीच निराधार म्हणता येणार नाही. बॅरलच्या पुढच्या भागावर शंभर-दोनशे ग्रॅमचे वजन चढवले की उभ्या स्थितीत रायफल संथ डोलते आणि पुष्कळ नेमबाजांना ते मानवते. हा लाभ नेम धरण्यातला आहे. त्यासाठी साधी, सरकवता येणारी पोलादी वजने मिळतात आणि ती कोठे बसवायची हे प्रशिक्षकच तिचा तोल पाहून ठरवू शकतील.

प्रश्न: मी 10 मीटर एअर रायफलचा सराव करतो. पंपाची जुनी स्प्रिंगची रायफल घरी आहे आणि रेंजवर दाबलेल्या हवेची मॅच रायफल मिळते. या दोहोंपैकी कोणाला डॅम्पनरचा उपयोग होईल?
एक विद्यार्थी, कागल

उत्तर: मॅच रायफलला नाही. तिचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला 175 मीटरच्या आसपास वेगाने जातो. वेगात सेकंदाला 1 मीटरचा फरक पडला तर 10 मीटरवर छर्रा सुमारे 0.2 मिलिमीटरने वर किंवा खाली लागेल. या लक्ष्यावर दशांश गुणाची एक पायरी 0.25 मिलिमीटरची असते. हवेचा दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर ठीक असेल तर वेग एवढा सारखा राहतो, की बॅरलकडून भरून घेण्यासारखे फारसे उरत नाही. काही मॅच रायफलींत झडप उघडतानाचा बारीक धक्का शमवणारे सरकते वजन आतच बसवलेले असते, पण ते यंत्रणेचा धक्का खाते. बॅरलच्या थरथरीशी त्याचा संबंध नाही आणि बाहेरून लावलेले रबर त्याची जागा घेऊ शकत नाही.

स्प्रिंगच्या रायफलची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात छर्रा बॅरलमध्ये असतानाच जड पिस्टन पुढे धावतो, हवेच्या उशीवर आदळून किंचित मागे उसळतो, आणि या दोन्ही धक्क्यांत सगळी रायफल हलते. ती कशी हलेल हे आपण तिला कोठे आणि किती घट्ट धरता यावर ठरते. दर वेळी तळहात त्याच जागी, बोटे सैल, खांद्याला तोच दाब, एवढे पाळले तर ग्रुप डोळ्यांदेखत आवळतो. याच धक्क्यांनी स्टॉकचे स्क्रू सैल पडतात, तेही दर काही दिवसांनी पाहावेत. ज्या रायफलीची बॅरल मोडून छर्रा भरतात तिची बिजागरी हलत असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्यावी.

प्रश्न: आमचा शिवाजी उद्यमनगरात लेथचा कारखाना आहे आणि मुलगा प्रोन प्रकारात राज्य पातळीवर खेळतो. रबरी कडी निरुपयोगी आहे असे आपण म्हणाल, अशी कल्पना आहे. पण मझलवर बसवायचे, आट्यांवर मागेपुढे फिरणारे ट्यूनर परदेशी खेळाडूंच्या रायफलवर सर्रास दिसतात. तेही थोतांड का? आणि नसेल तर आम्हीच एक कातून बसवला तर चालेल का?
एक कारखानदार, कोल्हापूर

उत्तर: ट्यूनर थोतांड नाही, परंतु त्याच्याविषयी जेवढे बोलले जाते त्याच्या एक चतुर्थांशच खरे मानावे.

ट्यूनर कंपने शमवत नाही, त्यांची वेळ बदलतो. दोन किलोच्या आसपास वजनाच्या बॅरलच्या टोकाला 200 ग्रॅम लावले की तिचे मूळ आंदोलन सुमारे 15 टक्क्यांनी संथ होते. ते वजन आट्यांवर पुढेमागे केले की वेळ बारीक बारीक सरकवता येते. त्याचा फायदा असा, की गोळ्यांचे वेग सारखे नसतात. सेकंदाला 325 मीटर वेगाने जाणारी गोळी 50 मीटरपर्यंत सुमारे 12 सेंटिमीटर खाली येते आणि तिच्याहून सेकंदाला 5 मीटरने मंद असलेली गोळी आणखी पावणेचार मिलिमीटर खाली लागते. मंद गोळी बॅरलमधूनही उशिरा बाहेर पडते, मिलिसेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागाने. तेवढ्या अवधीत मझल वर चढत असेल तर मंद गोळीला किंचित उंच कोन मिळतो आणि तिची घसरण भरून निघते. मझल खाली उतरत असेल तर तीच घसरण वाढते. म्हणजे मझल स्थिर करून चालणार नाही, ती योग्य दिशेने हलती असायला हवी. रबरी कडीच्या जाहिरातीतला मूळ विचारच येथे उलटा पडतो.

ही गोष्ट नवी नाही. बॅरलच्या कंपनांवर मॅलॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने 1901मध्येच प्रसिद्ध केला होता. ब्रिटिश सैन्याच्या ली-एनफिल्ड रायफलींबद्दल जुने नेमबाज सांगत, की आठशे ते हजार यार्डांवर त्या अपेक्षेपेक्षा चांगल्या वागतात, त्याचेही कारण हीच भरपाई असे मानले जाते. मात्र ती एका विशिष्ट अंतरालाच जुळते आणि दुसऱ्या अंतरावर तेच समायोजन दोष ठरू शकते. आपल्या चिरंजीवांचे अंतर नेहमी 50 मीटरच असल्याने त्यांना ही अडचण नाही. गोळीच्या वेगातला फरक जितका कमी तितकी भरून काढायची उणीव लहान, हेही ध्यानात ठेवावे. उत्तम लॉट हाती असेल तर ट्यूनरला काम थोडेच उरते. तरीही प्रोन स्थितीत, जेथे स्लिंगने (पट्ट्याने) जखडलेल्या हातातून गोळ्यामागून गोळ्या एकाच छिद्रात जातात, तेथे ट्यूनर पाहण्यासारखा आहे. याच शहराच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010मध्ये म्युनिकला प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले ते 600पैकी 597 गुणांनी. त्या पातळीवर उभ्या दिशेतला एक मिलिमीटरही मोजला जातो. राज्य पातळीवर लॉट आणि बेडिंग (स्टॉकमधली रायफलची बैठक) आधी, ट्यूनर नंतर, असा क्रम ठेवावा.

परीक्षा कशी घ्यायची? ग्रुपचा एकूण आकार पाहू नये, उभा पसारा पाहावा, कारण ट्यूनर जे सुधारतो ते मुख्यतः वर-खालीच असते. आडवा पसारा वाऱ्याचा आणि हाताचा असतो. एकच लॉट घेऊन ट्यूनरच्या वेगवेगळ्या खुणांवर दहा-दहा गोळ्या झाडाव्यात. त्यांतली सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट खूण निवडून दुसऱ्या दिवशी त्या दोनच पुन्हा तपासाव्यात. खूण आपण लावावी आणि चिरंजीवांना ती सांगू नये. पहिल्या दिवशी श्रेष्ठ ठरलेली खूण दुसऱ्या दिवशी मागे पडली, तर आदल्या दिवशी फक्त योगायोग मोजला गेला होता असे समजावे. बहुतेक ठिकाणी हेच घडते, आणि बहुतेक लोक दुसरा दिवस गाठतच नाहीत.

आता कातण्याविषयी. वजन आपण खुशाल कातावे, बॅरलला मात्र लेथवर हात लावू नये. बॅरलवर आटे पाडणे हे शस्त्र कायद्याच्या कक्षेतले काम आहे. 1959च्या कायद्यानुसार शस्त्राची दुरुस्ती किंवा बदल करण्यासाठी परवाना लागतो आणि तो साध्या कारखान्याकडे नसतो. शिवाय मझलच्या तोंडाची कड, जिला क्राउन म्हणतात, केसभर जरी दुखावली तरी ट्यूनरने मिळणाऱ्या फायद्याच्या कित्येक पट नुकसान होते. म्हणून आट्यांऐवजी फटीचा क्लॅम्प करावा. पितळेची किंवा ॲल्युमिनियमची बाही, बॅरलच्या बाहेरच्या व्यासाला सरकती बसेल एवढ्या मापाची बोअर करून, एका बाजूला लांबीभर फट पाडावी आणि ती दोन ॲलन स्क्रूंनी सारखी आवळावी. ग्रब स्क्रू थेट बॅरलवर टेकवू नये. त्याच्या टोकाचा दाब एकाच बिंदूवर येतो आणि पॉइंट टू टूच्या बॅरलमध्ये तो आतपर्यंत जाणवू शकतो. बाहीच्या बाहेरच्या अंगाला 1 मिलिमीटर पिचचे आटे पाडून त्यावर फिरणारे वजन बसवावे, त्याच्या कडेवर खुणा कोराव्यात आणि लॉक नट द्यावा, कारण झाडताना वजन स्वतःहून फिरले तर सगळी मेहनत वाया जाते. वजनाचा कोणताही भाग मझलच्या पुढे येत असेल तर त्याचे भोक गोळीपेक्षा ऐसपैस असावे आणि बॅरलशी समकेंद्री आहे की नाही हे डायल गेजने पाहून घ्यावे.

नियमांची चौकट आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने स्पष्ट आखली आहे. बॅरलवरची वजने चालतात आणि ती सरकवताही येतात, पण बॅरलच्या मध्यापासून 30 मिलिमीटरच्या त्रिज्येबाहेर जाता कामा नयेत. छिद्रे असलेली बॅरल किंवा जोडनळी, मझल ब्रेक किंवा त्यासारखे काम करणारे कोणतेही साधन वर्ज्य आहे. ब्राउनिंग कंपनीने शिकारी रायफलींसाठी आणलेली बॉस नावाची रचना मूळ रूपात फिरणारे वजन आणि वायू सोडणारी छिद्रे अशी दोन्ही एकत्र करते, तिची नक्कल करू नये. रायफल सर्व जोडण्यांसह 8 किलोच्या आत बसली पाहिजे. ट्यूनरचे वजन धरून ती काट्यावर घालावी, आणि पहिल्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी उपकरण तपासणीच्या टेबलावर ट्यूनर लावलेलीच न्यावी.